नेहमीच्या पद्धतीने ठेवलेले कागद

कोर्टाचा हुकूम आला तेव्हा दप्तरबाई तळघरात स्टुलावर उभ्या राहून 'रजेचे अर्ज – नामंजूर' या खोक्यांवरची धूळ पुसत होत्या. 'मंजूर'चं एकच खोकं होतं, तेही अर्धं रिकामं.

कारखाना शिड्यांचा होता. माणसांना वर चढवणं हा त्यांचा धंदा, आणि दप्तरबाईंची जागा मात्र जमिनीखाली. यातला विनोद बाईंना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळला होता आणि सत्तावीस वर्षांत तो पार शिळा झाला होता. कारखान्यात शेकडो शिड्या पडलेल्या असताना बाई स्टूल का वापरतात, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. त्या तक्रारी वाचत असत.

"बाई, वर बोलावलंय. दोघेही आहेत," शिपाई दारातूनच म्हणाला. तळघरात चपला काढून यावं लागे, म्हणून तो आत येत नसे.

दोघे म्हणजे धाकटे मालक आणि कंपनीचे वकील. धाकटे मालक बावन्न वर्षांचे होते, पण थोरले मालक जाऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचं 'धाकटे' काही सुटलं नव्हतं. वकिलांचं खरं नाव कारखान्यात कुणाला ठाऊक नसावं. दर वाक्याला "मुद्दा असा की" म्हणायची त्यांना सवय, म्हणून सगळे त्यांना मुद्देसाहेब म्हणत. तोंडावर फक्त साहेब.

"बाई," मालक एकदम गोड आवाजात म्हणाले, आणि बाई सावध झाल्या, कारण हा आवाज ते फक्त बँकेच्या लोकांसाठी राखून ठेवत. "घडीच्या शिडीबद्दल तक्रारींची एखादी फाइल वगैरे आहे का हो आपल्याकडे?"

त्या 'वगैरे'वर त्यांनी असा भार दिला की शहाण्या माणसाने 'नाही' म्हणून खाली निघून जावं. पण बाईंचं लक्ष 'एखादी'वर अडकलं.

"एखादी?" त्या म्हणाल्या. "एकोणीस आहेत. वर्षावार. आणि प्रत्येक वर्षात परत भागावार. पाय, पायरी, रबर, खिट्टी आणि संकीर्ण."

मुद्देसाहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला वाकले आणि जरा वेळ टेबलाखालीच राहिले.

भानगड अशी होती. एक रंगारी एका दवाखान्याच्या छताला रंग देत होता. घडीच्या शिडीच्या पाचव्या पायरीवर असताना शिडीची खिट्टी सटकली. खिट्टी म्हणजे शिडीचे दोन्ही पाय फाकल्यावर त्यांना तसंच धरून ठेवणारा तुकडा. ती सटकली की शिडी पुन्हा घडी होते, आणि वरच्या माणसाचीही. रंगाऱ्याचा खुबा मोडला. त्याने दावा लावला. कंपनीने कोर्टात छातीठोकपणे लिहून दिलं की या शिडीबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही. त्यावर कोर्ट म्हणालं, उत्तम, मग दहा वर्षांची तक्रारींची दप्तरं, अपघातांच्या नोंदी आणि चाचण्यांचे कागद समोरच्यांना दाखवा. एकवीस दिवसांत. आणि दप्तर सांभाळणाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र जोडा, की हे कागद कंपनीत नेहमीच्या पद्धतीने ठेवलेले, तसेच्या तसे दाखवले आहेत.

"खिट्टीच्या किती?" मुद्देसाहेबांनी टेबलाखालून वर येत विचारलं.

"एक्केचाळीस. पितळेची खिट्टी होती तोवर दोन. पत्र्याची केल्यावर एकोणचाळीस."

पत्र्याची खिट्टी ही धाकट्या मालकांची कल्पना. ते छताकडे बघू लागले. "आपल्या तळघरात उंदीर नाहीत का?" त्यांनी आशेने विचारलं.

"होते. मग मी मांजर आणलं. त्याच्या दुधाचीही नोंद आहे."

"मुद्दा असा की," मुद्देसाहेब म्हणाले, "हुकूम आल्यावर कागद गायब झाले, तर मालक, तुम्हीही गायब व्हाल. कागद द्यायचेच. पण कसे द्यायचे, हे हुकमात लिहिलेलं नाही. त्यांना तांब्याभर पाणी हवंय ना? आपण त्यांना विहिरीत ढकलू. तळघरातलं सगळं द्यायचं. रजेचे अर्ज, चहाच्या चिठ्ठ्या, मांजराचं दूध, सगळं. आणि नीट पिसून."

"पिसून?" बाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"पत्ते पिसतात तसे."

बाई जिना उतरू लागल्या. शिवी त्या कधी देत नसत, पण मधल्या पायरीवर थांबून त्यांनी एक दिलीच, आणि इकडेतिकडे बघितलं.

पुढचे चार दिवस पॅकिंगमधली सहा माणसं तळघरात चपला घालून वावरली. दोनशे बारा खोकी उपडी झाली. तक्रारींमध्ये टेंडरं गेली, टेंडरांत लग्नपत्रिका, लग्नपत्रिकांत चाचणीचे तक्ते. एकाने तर उत्साहाच्या भरात कागद फावड्याने उलटेपालटे केले. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. वर्षानुवर्षं विणलेला स्वेटर कुणीतरी डोळ्यांदेखत उसवावा आणि वर आपल्यालाच लोकर गुंडाळायला सांगावं, तसं चाललं होतं. घरी त्या जेवल्या नाहीत.

"कुणी गेलं का?" नवऱ्याने विचारलं. तो शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, आणि ज्या घरात मिठाच्या डब्यावर 'मीठ' आणि आतल्या चमच्यावर 'मिठाचा चमचा' लिहिलेलं असतं, त्या घरात तीस वर्षं आनंदाने हरवत आलेला माणूस.

"सगळंच गेलं," बाई म्हणाल्या.

"मग नोकरी सोड."

"आणि तिथे तो पसारा तसाच ठेवून येऊ? लोक काय म्हणतील?"

नवऱ्याने ताट झाकून ठेवलं. त्याच्या बायकोच्या बाबतीत देवधर्म, नीती, अब्रू या सगळ्या गोष्टी एकाच कप्प्यात होत्या आणि त्या कप्प्यावरही चिठ्ठी होती.

तपासणी कारखान्याच्या जुन्या गोदामात ठेवली होती. रंगाऱ्याची वकीलीण आली, सोबत रंगारी स्वतः. तिच्याकडे मदतनीस ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून अशिलालाच कामाला लावलेलं. वकीलीण तिशीची, चुणचुणीत, पण तिला धुळीचं वावडं. पहिलं खोकं उघडताच तिने सलग नऊ शिंका दिल्या. रंगारी काठी टेकत आला, खुर्चीवर तिरका बसला आणि बोटाला थुंकी लावून त्याने पहिला कागद उलटला.

दप्तरबाईंना हुकूम होता, कोपऱ्यात बसायचं, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. त्यांनी पाळलाही. साधारण अर्धा मिनिट.

"थुंकी लावू नका!"

रंगारी दचकला. "मग कागद कसा सुटणार?"

"कोपऱ्याला धरून. हळू. भाजीवाल्याकडच्या पिशव्या आहेत का त्या?"

"काय कळत नाही, कसल्या पिशव्या आहेत," रंगारी म्हणाला. "हा बघा, कुणाच्या मेव्हण्याच्या लग्नासाठी रजा मागितलीय. त्याच्याखाली रबराच्या टोप्यांचा नमुना. त्याच्याखाली परत तोच मेव्हणा. याचं लग्न दोनदा झालं का?"

"तीनदा," बाईंच्या तोंडून गेलं. "तिसरी रजा नामंजूर."

संध्याकाळपर्यंत वकीलीण आणि रंगारी यांनी मिळून सहा खोकी संपवली. सापडल्या तक्रारी दोन, त्याही पायऱ्यांच्या रंगाबद्दल. बाईंना दिसत होतं की वकीलीण चुकीच्या ढिगाशी झुंजतेय. तिच्या डाव्या कोपराशेजारी, चहाच्या चिठ्ठ्यांखाली, निळी शाई डोकावत होती. पडदा लावताना पडलेल्या एका शिक्षिकेची ती शाई. बाईंना पत्र न उघडता ओळखता आलं. त्या शिक्षिकेने तीन वेळा लिहिलं होतं. तिन्ही वेळा बाईंनी छापील उत्तर पाठवलं होतं, 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे'. आणि खरोखरच नोंदवून घेतली होती. सुरेख अक्षरात, आवक क्रमांकासकट.

यापुढे त्या तक्रारीचं काही व्हायला हवं, असं त्या वेळी त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगाऱ्याने कागद खाली ठेवले आणि पाठ ताणली. "बाई, राग मानू नका. हे सगळं तुम्ही सांभाळता?"

"सत्तावीस वर्षं."

"असं?" त्याने दोनशे बारा खोक्यांवरून नजर फिरवली. "माझ्या रंगाच्या डब्यांची खोली याच्यापेक्षा बरी असते. आणि मी तर अडाणी माणूस."

तो कुत्सितपणे बोलला नव्हता. उलट त्याला बाईंची कीवच आली होती.  चोर म्हटलं असतं तर बाईंनी सोसलं असतं. त्या उठल्या, बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं, परत आल्या आणि कोपऱ्यात बसल्या.

शुक्रवारी मुद्देसाहेबांनी प्रतिज्ञापत्र पुढे केलं. बाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"इथे लिहिलंय, कागद नेहमीच्या पद्धतीने ठेवलेले आहेत."

"हो. सही खाली."

"मी असे ठेवत नाही."

"मुद्दा असा की, ही फक्त भाषा असते, बाई."

"असू दे. पण याच्या खाली माझं नाव येणार. उद्या कुणी वाचलं तर म्हणेल, ही बाई चहाच्या चिठ्ठ्या आणि चाचणीचे तक्ते एकत्र ठेवते. मी नाही करणार सही."

मालकांनी गोड आवाज लावून पाहिला, मग कडू लावला. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, याची आठवण करून दिली. थोरल्या मालकांच्या उपकारांची उजळणी केली. बाई म्हणाल्या, "थोरल्या मालकांनी मला एकदाच शाबासकी दिली, ती संकीर्णचं खोकं पाहून." 

सोमवारी कोर्टात बाईंना मागच्या बाकावर बसवण्यात आलं, ऐन वेळी मन पालटलं तर सही घ्यायला. न्यायाधीश वयस्क, नाकावर घसरलेला चष्मा, चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ताच कुणीतरी थंड चहा आणून दिलाय.

"प्रतिज्ञापत्र कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"थोडी मुदत हवी," मुद्देसाहेब म्हणाले. "दप्तर सांभाळणाऱ्या बाईंची प्रकृती..."

"ठणठणीत आहे," मागून आवाज आला.

सगळं कोर्ट वळलं. दप्तरबाई उभ्या होत्या. आपण उभ्या कधी राहिलो, हे त्यांनाही कळलं नव्हतं.

"सही का केली नाहीत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कागद मी ठेवते तसे ते दाखवलेले नाहीत, साहेब. पिसलेत."

"पिसलेत?"

"सहा माणसं लावून. एकाकडे फावडं होतं."

रंगाऱ्याच्या वकिलिणीने शिंक देता देता तोंडावर रुमाल धरला, पण खालून हसू दिसत होतं. मुद्देसाहेब म्हणाले की मुद्दा असा की, पण तो मुद्दा कसा आहे ते त्यांना सांगता आलं नाही.

"तुम्ही एरवी कसे ठेवता?" न्यायाधीशांनी विचारलं.

एवढ्या वर्षांत बाईंना हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. नवऱ्यानेही नाही. त्यांनी पदर सारखा केला आणि सुरुवात केली. आवक क्रमांक, मग वर्ष, मग भाग. निळी पट्टी म्हणजे तक्रार, लाल म्हणजे अपघात, हिरवी म्हणजे चाचणी. प्रत्येक तक्रारीमागे उत्तराची प्रत. दोन भागांत बसणारी तक्रार असेल तर दुसरीकडे चिठ्ठी. वीस मिनिटांनी मुद्देसाहेबांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती फेटाळली आणि विचारलं, "संकीर्णमध्ये काय काय घालता?" बाई आणखी पंधरा मिनिटं बोलल्या. न्यायाधीशांचा चहा पहिल्यांदाच गरम आल्यासारखा वाटत होता. त्यांनी आपल्या कारकुनाकडे असं पाहिलं की तो खुर्चीत खाली सरकला.

हुकूम झाला. सगळी खोकी बाईंनी पूर्वीसारखी लावायची, दोन्ही बाजूंच्या समोर. खर्च कंपनीचा. आणि फावडं वापरायचं नाही, हे लेखी.

बाईंना नऊ दिवस लागले. नऊही दिवस त्यांना भूक चांगली लागली. पहिल्या दिवशी रंगारी नुसता बघत बसला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पट्ट्या मला द्या, रंगाचं मला कळतं," आणि निळ्या, लाल, हिरव्या पट्ट्या वेगळ्या करू लागला. कोपऱ्याला धरून, हळू. मुद्देसाहेबांच्या हाताखाली शिकणारा उमेदवार वकील समोर बसून हे सगळं टिपून घेत होता, आणि काय टिपावं हे त्याला कळत नव्हतं.

खिट्टीच्या फायली एकामागून एक उभ्या राहिल्या. शिक्षिकेची तिन्ही पत्रं एकत्र आली. बाईंनी ती लावताना वाचली नाहीत. तिसऱ्याच्या शेवटी काय आहे, ते त्यांना पाठ होतं. 'निदान दुसऱ्या कुणाला तरी सांगा.'

नवव्या दिवशी लाल पट्टीची फाइल पुरी झाली तेव्हा धाकटे मालक स्वतः गोदामात आले होते. वकिलिणीने ती उघडली आणि पहिलाच कागद मोठ्याने वाचला. "अपघाताची नोंद. जखमी व्यक्ती, कंपनीचे धाकटे मालक. प्रसंग, नव्या घडीच्या शिडीचा कॅटलॉगसाठी फोटो काढताना. कारण, पत्र्याची खिट्टी सटकणे. पडण्याची उंची, तिसरी पायरी. दुखापत..." ती थांबली. "दुखापत, बसायची जागा."

"तो फोटो फाडला होता मी!" मालक ओरडले.

मुद्देसाहेबांनी डोळे मिटून घेतले. साडेआठ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मालकांनी फोटो खरंच फाडला होता, पण फोटोग्राफरने बिलासोबत आणखी एक प्रत जोडली होती. ती आता वकिलिणीच्या हातात होती. त्यात धाकटे मालक सूट घालून, दोन्ही हात पसरून, हवेत आडवे होते. चेहऱ्यावर अजून कॅटलॉगचंच हसू होतं, फक्त डोळ्यांना बातमी पोचली होती. खाली थोरल्या मालकांच्या अक्षरात, धाकट्यांनी पुढे गुंडाळून ठेवलेला, शेरा होता, 'पत्र्याची खिट्टी बंद करावी. नोंद सगळ्यांची होते तशीच याचीही करावी.'

रंगाऱ्याने फोटो हातात घेऊन निरखला. त्याच्या ओठांचे कोपरे थरथरले, मग त्याने हसणं आवरलं आणि मालकांना विचारलं, "लागलं होतं का फार?"

 मालकांचा हात आपोआप मागे गेला.

महिन्याभरात दावा मिटला. रंगाऱ्याला भरपाई मिळाली, विकलेल्या शिड्यांच्या खिट्ट्या बदलून देण्याची जाहिरात निघाली, आणि ती शिक्षिकेच्या पत्त्यावर बाईंनी वेगळी पाठवली, स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून. उत्तर आलं नाही. मालकांना बाईंना काढून टाकायचं फार मनात होतं, पण मुद्देसाहेब म्हणाले की मुद्दा असा की, हे काढणंही उद्या कुठल्यातरी फाइलीत जाईल. त्यामुळे बाई तळघरातच राहिल्या. मालक जिन्यात भेटले की दोघांनाही एकदम काहीतरी महत्त्वाचं काम आठवत असे.

त्यानंतर पावणेदोन महिन्यांनी बाई स्वयंपाकघरासाठी रंग घ्यायला गेल्या तेव्हा दुकानात रंगारी बसलेला. आता चढायचं काम त्याला जमणार नव्हतं. भरपाईतून त्याने दुकानात भागी घेतली होती आणि उंच स्टुलावर बसून रंग कालवून देत होता.

"पांढरा द्या," बाई म्हणाल्या.

"पांढरा नका घेऊ. स्वयंपाकघरात महिन्यात मळेल."

"मला चालेल. मी पुसते."

त्याने डबा काढला नाही. बाई काउंटरवरच्या रंगांच्या पट्ट्या उगाचच सरळ लावू लागल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "तुमच्याआधी खिट्टीबद्दल एक्केचाळीस पत्रं आली होती. सगळी पत्रं मी वाचली होती."

"मग काय केलंत?"

"फाइल केली."

रंगारी डब्यात काठी फिरवत राहिला. "हूं," तो म्हणाला. मग म्हणाला, "मीही ओल आलेल्या भिंतींवर रंग मारलाय. घरमालक म्हणायचा झाक, मी झाकायचो. त्यात माणसं राहायला यायची, लेकरं खोकायची." त्याने काठी निथळवली. "तुम्ही सही केली असती तर मी आज तुमच्याशी बोललो नसतो, एवढं खरं. आणि माफबिफ केलंय असंही समजू नका. खुबा रोज दुखतो."

"नाही समजत," बाई म्हणाल्या.

"ठीक. आता हा बघा. फिकट पिवळा. हा घ्या."

"मला पिवळा आवडत नाही."

"तुम्हाला काय आवडतं ते विचारलं का मी? भिंतीला काय शोभेल ते सांगतोय."

दोघांचं पंधरा मिनिटं वाजलं. गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी बाई फिकट पिवळ्याचा डबा घेऊन निघाल्या, मनातल्या मनात चरफडत, आणि घरी पोचेपर्यंत तीनदा झाकण किलकिलं करून बघत.